मंगळावरचा जॉबर : 'द मार्शियन' वाचून मला काय वाटलं

प्रश्न : अँडी वीअर यांची 'द मार्शियन' ही मंगळावरची कादंबरी कुणी वाचली आहे का? मी कॉमर्सचा, विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. मला झेपेल का? नववीतल्या मुलीला द्यावी का? आणि आधी सिनेमा बघावा की आधी पुस्तक?

उत्तर :

दोनदा वाचली. पहिल्यांदा इंग्रजीला ठेचा खात तीन आठवडे लागले, दुसऱ्यांदा चार रात्रींत संपली. मीही काही विज्ञानाचा पदवीधर नाही. आयटीआय केलं, आणि सोलापुरात मोटर रिवायंडिंगचं छोटं दुकान आहे. वडील चादरीच्या कारखान्यात जॉबर होते. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावानं हाक पडते तो माणूस. विणणारे विणतात, मालक हिशोब बघतो आणि जॉबर तेलकट हातांनी मागाखाली पालथा पडलेला असतो. ही कादंबरी अशाच एका जॉबरची आहे. फक्त त्याचा कारखाना मंगळावर आहे आणि हाक मारायला तिथं दुसरं कुणी नाही.

गोष्ट थोडक्यात. सहा जणांची तुकडी मंगळावर उतरते. सहाव्या दिवशी वादळ येतं, घाईनं परत निघावं लागतं, उडालेला अँटेना एकाच्या पोटात घुसतो. तो मेला असं समजून बाकीचे पाच जण निघून जातात. तो मेलेला नसतो. नाव मार्क वॉटनी, शिक्षण वनस्पतिशास्त्र आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंग. पृथ्वीशी बोलायचं यंत्र मोडलेलं. पुढची मोहीम चार वर्षांनी येणार, तीही तिथून ३२०० किलोमीटर लांब. इतकं पहिल्या काही पानांतच कळतं, त्यामुळं मी काही फोडलं असं समजू नका. शेवट सांगणार नाही.

आता तुमच्या 'झेपेल का'कडे येतो. तुम्ही कॉमर्सचे म्हणजे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त झेपेल, कारण हे पुस्तक म्हणजे अर्धीअधिक रोकडवही आहे. वॉटनी शुद्धीवर येतो, जखम शिवतो आणि पहिली गोष्ट काय करतो, तर जमेची बाजू मांडतो. मोहीम ३१ दिवसांची होती, पण खबरदारी म्हणून अन्न ५६ दिवसांचं पाठवलेलं. सहा दिवस गेले, उरलं सहा माणसांचं पन्नास दिवसांचं. माणूस एकच, म्हणजे तीनशे दिवस. हात आखडून खाल्लं तर चारशे. खर्चाच्या बाजूला साधारण चौदाशे दिवस. हजार दिवसांची तूट. पुढचं सगळं पुस्तक ही तूट भरून काढण्याची खटपट आहे, आणि दर वेळी ताळेबंद जुळत आला की कुठून तरी नवा खर्च निघतो.

तुटीचा हिशोब सोलापूरकराला नवा नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांआड, कधी चार-पाच. उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी खाली गेल्याच्या बातम्या आल्या की आई पिंपांवर डोळा ठेवायला लागायची. तांब्याची घागर पिण्यासाठी, तिला खरकटा हात लागायचा नाही. दोन कळशा स्वयंपाकाच्या. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला, कपड्याचं शेवटचं पाणी संडासात. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी ती पिंपात काठी बुडवून बघायची, आणि ओल कुठवर आली त्यावरून दुसऱ्या दिवशी आंघोळी किती ते ठरायचं. ती कधी शाळेत गेली नाही. वॉटनी आपल्या तंबूसारख्या घराची जमीन मोजतो, ९२ चौरस मीटर. त्यावर दहा सेंटिमीटर मातीचा थर, म्हणजे ९.२ घनमीटर. एक घनमीटर मातीला ४० लिटर पाणी, म्हणजे ३६८ लिटर. तेवढं पाणी हाताशी नाही. हे वाचताना मला नासाबिसा काही आठवलं नाही, आईची काठी आठवली.

तर तो बटाटे लावतो. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळ्यांनी मिळून शिजवून खावेत म्हणून कच्चे बटाटे पाठवलेले असतात, त्यांच्या डोळ्यांपासून बेणं. मंगळाची माती निर्जीव, म्हणून प्रयोगासाठी आणलेली मूठभर पृथ्वीची माती विरजणासारखी मिसळायची. आणि खत? सहा जणांचं सोनखत. वाळवून पाकीटबंद करून ठेवलेलं असतं, तो ती पाकिटं फोडतो. हा भाग मी दुकानात जेवणाच्या सुट्टीत भाकरी-चटणी खात वाचला, तेवढं तुम्ही करू नका.

पाण्याचा भाग मात्र नीट बसून वाचा. उतरलेल्या यानाच्या टाकीत हायड्राझिन हे इंधन उरलेलं असतं. त्यात नायट्रोजन आणि हायड्रोजन. इरिडियम या धातूवरून ते थेंबथेंब सोडलं की फुटून दोन्ही वायू वेगळे होतात, आणि हायड्रोजन जाळला की पाणी. मी कागदावर करून पाहिलं : ३२ किलो हायड्राझिनमध्ये ४ किलो हायड्रोजन, त्याला जाळायला ३२ किलो ऑक्सिजन, हाती ३६ किलो पाणी. दहावीच्या पुस्तकातलंच गणित, पण दहावीत कुणी असं सांगितलं नव्हतं की हे चुकलं तर घर उडेल. वॉटनीचं उडतंच, अर्ध्यावर. घरात स्फोट होऊ नये म्हणून तो खोलीतला ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकतो, स्वतः तोंडाला मास्क लावतो, आणि विसरतो काय, तर आपण सोडलेल्या श्वासातही ऑक्सिजन असतो. सगळा हिशोब बरोबर, फक्त मांडणारा स्वतःला धरायला विसरला. मला ही चूक फार आवडली. आमच्या धंद्यात माणसं अशीच भाजतात. अनोळखी मशीनवर नाही भाजत, शंभरदा उघडलेल्या मशीनवर भाजतात.

आता दोन जागा सांगतो ज्या बहुतेक वाचणारे भराभर उलटतात. मी मात्र तिथं अडकलो, कारण त्या थेट आमच्या गल्लीतल्या होत्या.

पहिली जागा पाथफाइंडरची. हे नासाचं खरं यान, ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर मुकं झालं. वॉटनी वाळूतून ते उकरून आणतो आणि चालू करतो. पण यान फक्त फोटो पाठवू शकतं, आणि पृथ्वीवरून तिकडं एकच गोष्ट करता येते, कॅमेरा गोल फिरवणं. एवढ्यावर बोलायचं कसं? इंग्रजी अक्षरं सव्वीस आणि एक प्रश्नचिन्ह, अशा २७ पाट्या यानाभोवती गोल लावल्या तर दोन पाट्यांत जेमतेम १३ अंश पडतात. कॅमेऱ्यानं कुठली पाटी दाखवली तेच कळायचं नाही. म्हणून तो सोळाच चिन्हं घेतो, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. प्रश्नचिन्ह धरून १७ पाट्या, मध्ये २१ अंश. दोन-दोन चिन्हांची जोडी म्हणजे एक अक्षर. संगणकात प्रत्येक अक्षराला असा आकडा ठरलेला असतोच, कॅपिटल एसला ५३, एला ४१.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटलं आणि जकार्ड आठवलं. सोलापुरी चादरीवर जी फुलं, मोर, वेलबुट्टी असते ती हातानं कुणी काढत नाही. मागाच्या वर जकार्डाची पेटी, तिच्यातून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीवर भोक असेल तर सुई आत जाते, हुक उचलला जातो आणि ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, ती तार वर येते. भोक नसेल तर तार खाली. एवढंच. भोक आहे किंवा नाही, यातून मोर तयार होतो. जकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ साली हे केलं आणि पुढं संगणकांनी हेच पुठ्ठे उचलले. लहानपणी वडिलांनी मला एक जुनी पट्टी खेळायला दिली होती, मी तिच्यातून दिव्याकडं बघायचो. ते म्हणायचे, एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीवर फुलाची एक पाकळी गायब, आणि गिऱ्हाईक कधी आपल्याला सांगायला येत नाही, पुढच्या वेळी येतच नाही. कॅमेरा हळूहळू पाच आकड्याच्या पाटीकडं वळतो, मग तीनकडं. मला तो मागाच्या वर फिरणारा पुठ्ठाच दिसत होता.

दुसरी जागा कापडाची. वॉटनीचं घर कापडी आहे, हवेच्या दाबानं फुगलेलं. कार्बनच्या धाग्यांचं कापड, मध्ये राळ. पुस्तक बहुतेक सगळं त्याच्या रोजनिशीतून चालतं, आणि मध्येच एका प्रकरणात लेखक त्याला बाजूला ठेवून कापडाच्या एका तुकड्याची जन्मकथा सांगतो. तो कुठल्या कारखान्यात तयार झाला, प्रवासात त्याला बारीकसा दोष कसा राहिला, तपासणीत तो कसा सापडला नाही, मंगळावर तो नेमका दाराजवळ कसा लागला. आणि वॉटनी रोज सोयीचं म्हणून तेच दार वापरतो. दर वेळी कापड थोडं ताणतं, थोडं सैल होतं. काय होणार हे आपल्याला कळतं, त्याला कळत नाही.

हे मी वडिलांना वाचून दाखवलं, मराठीत सांगत सांगत. आता ते घरीच असतात, ऐकू कमी येतं. आयुष्यभर मागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्यांचं जे होतं ते. त्यांना मंगळाचं काही पडलेलं नव्हतं, पण कापड म्हटल्यावर उठून बसले. "दाराच्या काठालाच फाटणार," मी पुढचं वाचायच्या आधीच म्हणाले. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "अरे, मधी कुठं फाटतंय व्हय कापड? जिथं कडक आन् मऊ एकत्र येतं तिथं फाटतंय." मग अंगावरच्या चादरीची किनार दोन बोटांत धरून मला दाखवली, डोळे न उघडता. विणताना एखादी तार तुटली असली तर त्यांना ती अजून बोटानं सापडते. मी पान उलटलं. दाराच्या काठालाच फाटलं होतं.

आता खोट काढतो. काढायलाच हवी, कारण काही ठिकाणी पुस्तकाची एवढी स्तुती होते की जणू त्यातलं अक्षर न् अक्षर शास्त्राला धरून आहे. तसं नाही. ज्या वादळानं सगळं सुरू होतं तेच खोटं आहे. पुस्तकात वारा ताशी १७५ किलोमीटर. पण मंगळाची हवा इतकी विरळ आहे की तिची घनता आपल्या हवेच्या साधारण साठावा भाग. वाऱ्याचा जोर घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. हिशोब केला तर तो भयंकर वारा आपल्याकडच्या ताशी बावीस-तेवीस किलोमीटरच्या वाऱ्याएवढाच लागेल. तेवढ्यानं आमच्या गच्चीवर वाळत घातलेली ओली सोलापुरी चादरसुद्धा दोरीवरून हलत नाही, रॉकेट कुठलं कलंडतंय! लेखकाला हे माहीत होतं, त्यानं तसं कबूलही केलंय. माणसाला निसर्गानंच अडकवायला हवं होतं, म्हणून मुद्दाम घेतलेली सूट. मी ती देऊन टाकली. ज्याचा धंदाच अचूकपणाचा आहे त्यानं एकदा उधार मागितलं तर द्यावं.

मातीचंही एक आहे. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले, ते माणसाच्या थायरॉइडला बरे नाहीत. वॉटनी माती न धुताच बटाटे लावतो. उलट बाजूनं, पुस्तकात तो मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढतो, ते पुढं खरोखर झालं. मंगळावरच्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरच्या एका छोट्या यंत्रानं २०२१ च्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा पाचेक ग्रॅम ऑक्सिजन काढला.

पण माझी खरी तक्रार विज्ञानाची नाही, शांततेची आहे. आमचं घर कारखान्याला लागून होतं. रात्रपाळीचे माग रात्रभर खटाक खटाक चालायचे आणि आम्ही पोरं त्यात गाढ झोपायचो. लाइट गेली की सगळे माग एकदम थांबायचे, आणि त्या शांततेनं आम्ही दचकून जागे व्हायचो. आई अंधारात म्हणायची, "काही नाही, लाइट गेलीय, झोपा." मंगळावर एकट्या पडलेल्या माणसाला असं कधी तरी मध्यरात्री जाग यायला हवी की नको? वॉटनीला येत नाही. तो विनोद करतो. चांगले करतो, मी मोठ्यानं हसलो आहे. पण दीड वर्षाच्या एकटेपणात तो एकदाही नीट कोसळत नाही, आणि घरच्यांची आठवणही उरकल्यासारखी काढतो. लेखक मुळात प्रोग्रॅमर, बिघाड आणि दुरुस्तीत त्याचं मन रमतं, माणसाच्या आत फार वेळ थांबत नाही. पृथ्वीवरची नासाची माणसं तर बहुतेक एकाच आवाजात बोलतात. नावं झाकली तर कोण बोलतंय ते सांगता येणार नाही.

नावावरून आठवलं. नासातला मंगळ मोहिमांचा मुख्य अधिकारी आहे व्यंकट कपूर. हे वाचून मी एकटाच हसलो. आमच्या सोलापूरच्या तेलुगू वस्तीत, साखर पेठेत, 'व्यंकट' म्हणून हाक मारली तर चार खिडक्यांतून चार जण बघतील, पण त्यातला एकही कपूर निघणार नाही. अर्धं तेलंगण, अर्धं पंजाब. अमेरिकेतनं बघितलं की भारत असाच गुंडाळलेला दिसत असावा. सिनेमात त्याचाही व्हिन्सेंट करून टाकला, तो विषयच संपला.

मराठीत विज्ञानकथा नाहीत असं नाही. नारळीकर सरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपण नावानं कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हापासून दिवाळी अंकांतून हे वाचतच आपण मोठे झालो. पण आपल्या बहुतेक विज्ञानकथांत एक मोठी कल्पना असते, आणि माणसं तिच्याभोवती बसून चर्चा करतात. वॉटनीकडं मोठी कल्पना एकही नाही. त्याच्याकडं चिकटपट्टी आहे. मला हे नवीन होतं.

लेखकाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. हे पुस्तक आधी कुणी छापलंच नव्हतं. त्यानं एकेक प्रकरण आपल्या संकेतस्थळावर फुकट टाकलं, वाचणाऱ्यांनी त्यातल्या चुका काढून कळवल्या आणि त्यानं दुरुस्त केल्या. २०११ मध्ये लोकांच्या आग्रहानं ई-बुक केलं, किंमत ९९ सेंट. छापील आवृत्ती २०१४ मध्ये आली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला आपलं मंगळयान कक्षेत गेलं, साधारण साडेचारशे कोटींत. तिकडचा निरोप इकडं यायला बारा मिनिटं लागत होती, आणि त्या दिवशी दुकानात मोबाइलवर ते बघताना समोर जळकी मोटर तशीच पडली होती. पुस्तकात निरोप जाऊन उत्तर येईपर्यंतची वाट वाचताना मला ती मिनिटं ओळखीची वाटली.

मुलीचं म्हणाल तर, नववी म्हणजे वय बरोबर आहे, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पहिल्याच ओळीत शिवी आहे, आणि पुढंही भरपूर आहेत. हिंसा वगैरे काही नाही. तुम्हाला चालत असेल तर द्या. माझ्या भाच्यानं वाचलं, त्याच्या तोंडात नवी शिवी एकही आली नाही. त्याला होत्या त्या आधीच येत होत्या. इंग्रजी सोपं आहे. जिथं रसायनशास्त्र दाट होतं तिथं दोन परिच्छेद सोडून पुढं गेलात तरी गोष्ट हातातून सुटत नाही.

सिनेमा २०१५ चा, मॅट डेमन आहे, चांगला आहे. तरीही आधी पुस्तकच घ्या. एक कारण पुरे. शेवटच्या लांब प्रवासात वॉटनी गाडीतून चाललेला असतो, आणि त्याच्या सौर पट्ट्यांची वीज रोज थोडीथोडी कमी पडायला लागते. आकाश स्वच्छच दिसतं. तो धुळीच्या प्रचंड वादळात शिरतोय हे पृथ्वीवर सगळ्यांना दिसतंय, पण तोवर त्याच्याशी बोलायची सोय बंद पडलेली असते. त्याला हे एकट्यानं ओळखायचंय, आणि वादळाला वळसा घालायचा तर उजवीकडून की डावीकडून, हेही. हातात यंत्र काही नाही, फक्त सुट्या सौर पट्ट्या आणि अंतर. सिनेमात हे सगळं गाळलंय. मुलीला ती पानं वाचायला द्या, तो पट्ट्या मांडायला लागला की पुस्तक हातातून काढून घ्या आणि विचारा, तू असतीस तर त्या कुठं ठेवल्या असत्यास? काय म्हणाली ते मला इथं कळवा.